पोरानं कुणाच्या मॅच बघाव्यात : कीन, विदिच की स्टाइल्स?

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच सुटली तरी आमचा गॅलरीतला कोपरा लगेच उठत नाही. कोण पाटाकडील तालमीचा, कोण दिलबहारचा, कोण शिवाजीचा. जुन्या गड्यांचा विषय निघाला की प्रकरण हातघाईवर येतं. म्हणून आम्ही एक तोडगा काढलाय. आपल्या पेठेतलं नाव घ्यायचंच नाही. सगळे इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेडचे चाहते, तर भांडायचं ते तिकडच्या दांडग्यांवरून.

परवा भाच्यानं मध्येच तोंड घातलं, "मामा, मी बॅकला खेळतोय. यातल्या कुणाच्या जुन्या मॅच बघू, ते सांग की." वय चौदा, अंगानं काडी, राग मात्र नाकाच्या शेंड्यावर. तालमीच्या पोरांच्या टीममध्ये नुकताच घेतलाय. प्रश्न त्याचा असला तरी असं पोरगं बऱ्याच घरांत आहे, म्हणून लिहितोय.

एका काकांनी ब्रायन रॉबसनला लावून धरलं. १९८४ ला मॅराडोनाच्या बार्सिलोनाला ओल्ड ट्रॅफर्डवर ३-० नं घरी धाडलं, त्यात दोन गोल याचे. मान्य. पण गडी सारखा जखमी, आणि युनायटेडसाठी शंभराला एक कमी गोल करणारा माणूस बॅकच्या पोराला काय शिकवणार? राहिले तिघं.

रॉय कीनवर आमच्यात एकमत कधीच होत नाही, कारण प्रत्येक जण वेगळा कीन आठवतो. माझा कीन २१ एप्रिल १९९९ चा. चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल, तुरिनमध्ये युव्हेंटसनं अकरा मिनिटांत दोन गोल चढवलेले. बेकहॅमच्या कॉर्नरवर कीननं हेडर मारून एक फेडला. थोड्या वेळानं झिदानला पाडलं म्हणून पिवळं कार्ड मिळालं, आधीचं कार्ड धरून बंदी, म्हणजे युनायटेड फायनलला गेलं तरी हा बाहेरच. दुसरा असता तर मान टाकली असती. हा उलट उरलेली मॅच दुप्पट पळाला आणि युनायटेड ३-२ नं जिंकलं.

दुसरा कीन मँचेस्टर सिटीविरुद्धचा, एप्रिल २००१. १९९७ ला लीड्सच्या आल्फी हालंडला (आजच्या एर्लिंग हालंडचा बाप) पाडायला जाऊन यानं स्वतःचाच गुडघा फाडून घेतला होता, आणि हालंड वर उभा राहून 'नाटक करू नको' असं सुनावून गेला. साडेतीन वर्षं कीननं ते पोटात ठेवलं. हालंड सिटीत आल्यावर त्याच्या गुडघ्यावर पाय घातला. लाल कार्ड मिळालं, आणि पुढं आत्मचरित्रात स्वतःच कबुली दिल्यामुळं आणखी पाच मॅचची बंदी आणि दीड लाख पौंड दंड. कीननं हालंडचं करिअर संपवलं, असं कट्ट्यावर ठोकून सांगतात. तसं नाही. हालंडला पुढं नडला तो डावा गुडघा, कीननं मारलेला उजवा. म्हणून काय तो टॅकल चांगला ठरत नाही.

नेमान्या विदिचचा हिशेब सरळ. जिथं दुसरे पाय घालायला कचरतात तिथं हा डोकं घालायचा. २००६ च्या जानेवारीत स्पार्टाक मॉस्कोतून आला, आणि २००८-०९ ला फर्डिनांडबरोबर अशी भिंत उभी केली की लीगमध्ये सलग १४ सामन्यांत युनायटेडवर गोल नाही. अंगापिंडानं भरलेल्या, उंच स्टॉपरनं दुसरीकडं बघूच नये. पण पैलवान जड असला की चपळ गडी त्याचा पट काढतो, तसं लिव्हरपूलच्या टोरेसनं याचं केलं. मार्च २००९ ला लिव्हरपूलनं ओल्ड ट्रॅफर्डवर ४-१ हाणले. टप्पा पडलेल्या बॉलचा याचा अंदाज चुकला आणि टोरेस पळाला. मग जेरार्डला पाडून लाल कार्ड. लिव्हरपूलविरुद्ध लागोपाठ तीन लीग सामन्यांत हा लाल कार्ड घेऊन बाहेर गेलाय! ती मॅचही पोराला दाखवाच.

नॉबी स्टाइल्सवर बोलायला गॅलरीत मी एकटाच. साडेपाच फूट उंची, डोळ्यांना लेन्स, पुढचे दात गायब. असल्या माणसाला इंग्लंडनं १९६६ च्या वर्ल्डकप सेमीफायनलला पोर्तुगालचा गोल करणारा गडी युसेबियो याच्यावर सोडला, आणि युसेबियोला मिळाला तो एक पेनल्टीचा गोल. १९६८ च्या युरोपियन कप फायनलला युनायटेडकडून, बेन्फिकाच्या युसेबियोवर पुन्हा तेच काम. शेवटी एकदा युसेबियो सुटला तेव्हा गोलकीपर स्टेपनीनं वाचवलं. अंग नसलेल्यानं अंगाला कसं चिकटावं, वाट कशी अडवावी, हे याच्याकडं बघावं. फिल्म जुनी, काळी-पांढरी, पोरं कंटाळतात, हे खरं. आणि शेवटची वर्षं स्मृतिभ्रंशात गेली, २०२० ला वारला. याचा संबंध डोक्यानं बॉल मारण्याशी लावतात, म्हणून कोच रोज शंभर हेडर मारायला लावत असेल तर घरच्यांनी विचारावं. इंग्लंडमध्ये अकरा वर्षांपर्यंतच्या पोरांना सरावात हेडर नकोच, असं त्याच वर्षी ठरलं.

भाच्याला मी सांगितलं, आधी स्टाइल्स, मग तुरिनचा कीन. विदिच पुढं, उंची वाढली तर.

दुसऱ्या दिवशी विचारलं, "काय बघितलंस?"

"एर्लिंगच्या बापाला हाणलेलं."