जुन्या बाजारातलं लाल पुस्तक: फाटकी प्रत सोडू नका

पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, बुधवारी-रविवारी, नाण्या-बिल्ल्यांच्या पथाऱ्यांवर चीनच्या माओच्या वचनांचं छोटं लाल पुस्तक अधूनमधून दिसतं. ‘पानं पूर्ण आहेत साहेब’ म्हणत विक्रेता भाव चढवतो आणि पान गेलेली प्रत सुतळीच्या गठ्ठ्यात टाकतो. हात घालायचा तो त्या गठ्ठ्यात.

पेकिंगमध्ये, म्हणजे आताच्या बीजिंगमध्ये, छापलेली १९६६ची इंग्रजी प्रत तळहाताएवढी असते: ३३ प्रकरणं, ३१२ पानं. सुरुवातीला माओचं चित्र, त्यावर पातळ कागद. पुढे लिन बियावच्या हस्ताक्षरातला संदेश आणि १६ डिसेंबर १९६६ अशी तारीख असलेली त्याचीच प्रस्तावना. लिन हा माओचा जाहीर केलेला वारस. १३ सप्टेंबर १९७१ला पळून जाताना मंगोलियात विमान कोसळून तो मेला, आणि वारसाचा गद्दार झाला. मग चीनमधल्या लोकांनी आपापल्या प्रतीतून त्याची पानं फाडली, कुणी नावावर शाई फिरवली. फाडतानाही जपून, कारण शेजारच्या चित्राला ओरखडा गेला तर तो प्रतिक्रांतीचा गुन्हा. सांस्कृतिक क्रांतीत माओची भक्तीच अशी होती: सकाळी त्याच्या तसबिरीपुढे आज्ञा मागायची, रात्री दिवसाचा हिशेब द्यायचा, म्हणजे आपली काकड आरती आणि शेजारतीच. फक्त चुकलं तर भर सभेत धिंड.

म्हणून लिनचं पान फाटलेली प्रत त्या काळाची साक्ष. पुस्तक उघडून शिवणीपाशी बघा. फाटलेली कड बाकीच्या कागदाइतकीच पिवळी हवी. त्या कडेचे तंतू पांढरेशुभ्र असतील तर पान अलीकडे गेलंय. अख्खी, गुळगुळीत कागदाची, चिनी-इंग्रजी शेजारीशेजारी छापलेली प्रत बहुधा पर्यटकांसाठी काढलेली असते. ती घेऊ नका.

त्याच पथारीवरचे माओचे बिल्ले मात्र सांभाळून. जुने बरेचसे ॲल्युमिनियमचे, हातात हलके. लोहचुंबकाला मागची टाचणी चिकटेल, बिल्ला नाही. बिल्ल्यांपायी विमानांचं ॲल्युमिनियम इतकं संपत होतं की १९६९मध्ये खुद्द माओनं ‘माझी विमानं परत द्या’ म्हटलं. जड बिल्ला आणि त्यावर जाड, बुडबुडे आलेला रंग दिसला की पुढे चला.

घरी आणल्यावर पुस्तक पॉलिथिनमध्ये कोंबू नका. पुस्तकाचं लाल प्लास्टिकचं वेष्टण जुनं झालं की चिकट होतं आणि शेजारच्या पुस्तकाला लाल डाग देतं. बटर पेपरात गुंडाळून उभं ठेवा.