वारंवार स्पोक तुटणारं चाक: तेवढाच बदलावा, सगळे बदलावेत की चाकच नवं घ्यावं?

सायकलच्या चाकाचा एक स्पोक तुटला तर तो बदलायचा आणि पुढे निघायचं, त्यात फार विचार करण्यासारखं काही नसतं. डोकेदुखी सुरू होते ती दुसऱ्या-तिसऱ्या स्पोकपासून. आज एक बदलला, पंधरवड्यात त्याच चाकातला दुसरा गेला, तो बदलून होत नाही तोच त्याच्या पलीकडचा. मग सल्ले येतात ते तीनच: तुटेल तसा बदलत राहा, हब (चाकाचा मधला तुंबा) आणि रिम (बाहेरची धातूची कडी) तीच ठेवून सगळे स्पोक नवे घाला, किंवा सरळ नवं चाक घ्या. तिन्ही सल्ले कुठल्या ना कुठल्या चाकासाठी बरोबर असतात. तुमच्या चाकासाठी कुठला, हे तुटलेल्या स्पोकवरूनच बरंचसं कळतं. त्यामुळे तो फेकून देण्याआधी हातात घेऊन नीट पाहा.

कुठे तुटला, ते आधी बघा

मागच्या चाकाचे स्पोक बहुतेक वेळा हबपाशी, जिथे ते वाकून फ्लँजच्या, म्हणजे हबच्या कडेच्या गोल चकतीच्या, भोकात शिरतात त्या कोपरात तुटतात. खड्ड्यात आपटल्यामुळे तुटला असं वाटतं, पण खड्डा हे शेवटचं निमित्त असतं. स्पोक बारीक तार आहे. ती दाब सहन करू शकत नाही, फक्त ताण सहन करते. म्हणून चाकातले सगळे स्पोक आधीच ताणलेले असतात. चाकावर वजन आलं की जमिनीकडच्या स्पोकांचा ताण कमी होतो, चाक पुढे फिरलं की तो परत पूर्ववत होतो. प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक स्पोकचं असं एकदा होतं. ७००सी या प्रचलित मापाच्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर, म्हणजे किलोमीटरला सुमारे ४७५ फेरे आणि २,००० किलोमीटरला साडेनऊ लाख. तार हातात धरून एकाच जागी मागेपुढे वाकवत राहिलं की ती जोर न लावता तुटते, तसंच कोपराचं होतं.

स्पोक पुरेसा ताणलेला असेल तर ताण नुसता कमीजास्त होतो, कोपर भोकात हलत नाही. ढिला स्पोक मात्र प्रत्येक फेऱ्याला पूर्ण सैल पडतो, कोपर भोकात चाळवतं आणि तिथे बारीक चीर धरते. म्हणजे कोपरात तुटणारे स्पोक हे बहुधा कमी ताणाचं लक्षण आहे. अनेकांची समजूत नेमकी उलटी असते, ‘जास्त आवळला म्हणून तुटला’ अशी. फाजील ताणाची खूण सहसा रिमवर दिसते: निपलच्या (स्पोक रिमला धरून ठेवणाऱ्या, फिरवून ताण कमीजास्त करायच्या छोट्या नटाच्या) भोकांभोवती चिरा पडतात, किंवा आवळता आवळता रिम एकदम पिळवटते.

कुठल्या बाजूचा तुटला, तेही पाहा. मागच्या हबवर उजवीकडे गिअरच्या चकत्यांना जागा लागते, म्हणून उजवी फ्लँज आत सरकलेली असते. त्या बाजूचे स्पोक जास्त उभे असतात आणि रिम मधोमध राहावी म्हणून त्यांना जास्त ताण द्यावा लागतो. डाव्या बाजूला उजवीच्या निम्मा ते दोन तृतीयांश इतकाच ताण असतो. डावीकडचे स्पोक कोपरात तुटत असतील तर पूर्ण चाकाचाच ताण कमी आहे असं समजायला हरकत नाही.

उजवीकडचे तुटत असतील तर आणखी एक शक्यता तपासा. चेन कधीतरी सर्वांत मोठ्या चकतीवरून घसरून स्पोकांच्या बाजूला पडली होती का? तशी पडली असेल तर उजवीकडच्या बाहेरच्या स्पोकांवर कोपराजवळ ओरखडे दिसतील. ओरखडा म्हणजे आयती चीरच. असे स्पोक मग काही आठवड्यांच्या अंतराने एकामागून एक जातात. इथे चाकाचा काहीच दोष नसतो. ओरखडे असलेले सगळे स्पोक एकदम बदला आणि डिरेलरचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेचा) ‘एल’ स्क्रू, म्हणजे चेनला मोठ्या चकतीपलीकडे जाऊ न देणारा स्क्रू, नीट लावलाय का आणि डिरेलर ज्यावर बसतो तो हँगर वाकलाय का ते तपासून घ्या. एवढ्यासाठी नवं चाक घेणं म्हणजे पैसे वाया.

निपलपाशी, आट्यांमध्ये तुटला असेल तर बहुधा स्पोक आखूड असतो किंवा निपल रिममध्ये तिरका बसून तार तिथे वाकलेली असते. निपलचंच डोकं उडालं असेल तरीही आखूडपणाचा संशय घ्या. ॲल्युमिनियमच्या निपलांचं असं फार होतं. योग्य लांबीचा स्पोक आणि पितळी निपल घातला की हा प्रश्न सुटतो. आणि स्पोक मध्येच तुटला असेल तर काहीतरी अडकलं किंवा आपटलं असणार. तो बदला आणि विसरून जा.

तुटेल तसा बदलत राहणं

सर्वांत स्वस्त वाटणारा हा मार्ग, आणि पहिल्या स्पोकपुरता योग्यही. पण उजव्या बाजूचा स्पोक घालायला दर वेळी कॅसेट किंवा फ्रीव्हील (गिअरच्या चकत्यांचा संच) काढावं लागतं, डिस्क ब्रेक असेल तर डावीकडे रोटर (ब्रेकची चकती) काढावा लागतो. मजुरी आणि वेळ साठत जातात. शिवाय चाकातले सगळे स्पोक एकाच वयाचे असतात, सगळ्यांनी तेवढेच लाख फेरे सोसलेले असतात. एक तुटल्यावर त्याचा भार शेजाऱ्यांवर येतो, म्हणजे तेही लवकर थकतात.

या मार्गातली मोठी गफलत मात्र वेगळीच आहे. नवा स्पोक घालतात, रिम डावी-उजवी डुलते तिथे दोन-चार निपल फिरवून आउट काढतात आणि चाक परत देतात. चाक सरळ फिरतं, पण एक स्पोक कडक, त्याच्या शेजारचा सैल. सरळ फिरणारं चाक आणि सारख्या ताणाचं चाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आयुष्य दुसऱ्याला असतं.

म्हणून या पर्यायाचं सुधारलेलं रूप मला फार मोलाचं वाटतं: तुटलेला एक स्पोक बदला आणि त्याच वेळी पूर्ण चाकाचा ताण नीट करून घ्या. चाक तसं नवीन असेल, पहिलाच किंवा दुसराच स्पोक गेला असेल, तर आधी हेच करावं. एका बाजूचे स्पोक बोटाने छेडले की सगळ्यांचा सूर जवळपास सारखा लागला पाहिजे. टेन्शन मीटर असेल तर उत्तमच. साध्या ॲलॉय रिमच्या मागच्या चाकात उजवीकडे साधारण १०० ते १२० किलो ताण चालतो. रिमवर किंवा तिच्या माहितीपत्रकात कमाल मर्यादा दिली असेल तर ती पाळा.

ताण दिल्यावरचं एक काम हमखास राहून जातं. समांतर जाणाऱ्या दोन-दोन स्पोकांच्या जोड्या मुठीत धरून, चाकभर फिरत, जोर लावून आवळायच्या. स्पोकचं कोपर वाकवून घडवताना तारेत काही आतला ताण शिल्लक राहतो. क्षणभर जास्त खेचल्याने तो निघून जातो आणि कोपर फ्लँजवर घट्ट बसतं. चाक हाताने बांधणारे हे काम आठवणीने करतात, कारण न केलेलं चाक आणि केलेलं चाक यांच्या टिकण्यात मोठा फरक पडतो.

हब-रिम तीच, स्पोक सगळे नवे

कोपरात तुटणारा तिसरा स्पोक गेला की तुटेल तसा बदलण्यात अर्थ उरत नाही. चाक बांधणाऱ्यांमध्ये हा ठोकताळा जुना आहे आणि मला तो पटतो. तीन गेले म्हणजे बाकीच्यांतही चिरा धरलेल्या असणार. आता ताण नीट केला तरी त्या चिरा भरून येत नाहीत.

पण त्याआधी रिम आणि हब एवढ्या खर्चाच्या लायकीची आहेत का ते पाहायला हवं. रिम ब्रेक असेल तर रिमच्या कडेवर बोट फिरवा. ती आत खोलगट झाली असेल तर तिच्यावर नवे स्पोक घालू नका. भोकांभोवती चिरा, फ्लँजवर भेगा, बेअरिंगमध्ये खरखर, यांपैकी काहीही असेल तरी तेच. सर्व स्पोक सैल केल्यावर रिम जवळजवळ सपाट राहिली पाहिजे. वाकलेली रिम स्पोकांच्या जोरावर सरळ धरून ठेवली की काही स्पोक कायम कडक आणि काही कायम सैल राहतात, म्हणजे आपण पुन्हा मूळ आजारापाशी येतो. हब चांगला आणि रिम गेलेली असेल तर स्पोकांसोबत रिमही बदला. मजुरीत फारसा फरक पडत नाही. जुन्या हबवर स्पोक भरताना फ्लँजवरचे आधीचे वळ पाहून त्याच दिशेने भरायला सांगा, नवे वळ पाडून फ्लँज कमजोर करू नये.

स्पोक कुठले घ्यावेत, यात बहुतेकांचा कल जाड तारेकडे असतो. १४ गेज म्हणजे २.० मिलिमीटर, १५ गेज १.८, १३ गेज साधारण २.३. जाडी वाढवली की तुटणं थांबेल असं वाटतं, पण सैल बांधलेल्या चाकात जाड स्पोकही तुटतो. उलट जाड तार कमी ताणली जात असल्याने भार आल्यावर लवकर सैल पडते. १३ गेजचा स्पोक प्रत्येक हबच्या भोकात जातही नाही. माझी पसंती डबल बटेड स्पोकला: दोन्ही टोकांना २.० आणि मध्ये १.८. मधला बारीक भाग रबरासारखा नसला तरी थोडा जास्त लांबतो, त्यामुळे फेऱ्याचा धक्का कोपरापर्यंत कमी पोचतो आणि स्पोक पूर्ण सैल पडत नाही. सामान लादून प्रवास करणाऱ्यांसाठी कोपरापाशी २.३ आणि पुढे २.० किंवा १.८ असे स्पोक मिळतात, तेही उत्तम. तार स्टेनलेसचीच घ्या. फ्लँजचं भोक सैल असेल तर स्पोकच्या डोक्याखाली बारीक पितळी वॉशर घालता येतो.

फक्त एकाच बाजूचे स्पोक बदलण्याचा मधला मार्ग चेनने ओरखडलेल्या चाकासाठी ठीक. बाकी वेळी ती अर्धवट बचत आहे, कारण मजुरीचा मोठा भाग चाकाला पुन्हा ताण देण्यात जातो आणि तो दोन्ही बाजूंचा द्यावाच लागतो.

नवं चाक

रिम आणि हब दोन्ही संपली असतील तर प्रश्नच नाही, नवं चाक घ्या. पण ज्यांच्या रिम-हब धडधाकट आहेत, त्यांनाही पुष्कळदा तयार चाक मोहात पाडतं, कारण साधं तयार चाक सगळे नवे स्पोक आणि मजुरी यांच्यापेक्षा स्वस्त पडू शकतं. इथे सावध राहा. साधी तयार चाकं यंत्रावर बांधलेली असतात. ती सरळ असतात, पण ताण अनेकदा कमी असतो आणि जोड्या आवळण्याचं काम झालेलं नसतं. म्हणजे ज्या कारणाने जुन्या चाकाचे स्पोक तुटले, तेच कारण तुम्ही नव्याने विकत घेताय. असं चाक घेतलंच, तर सायकलवर चढवण्याआधी जाणत्या हाताकडून ताण वाढवून आणि सारखा करून घ्या. हा वरखर्च हिशोबात धरला की तयार चाकाची स्वस्ताई बरीच कमी होते.

नवं चाक घेण्याचं खरं कारण स्पोकांची संख्या हे असू शकतं. मागच्या चाकावर वजनाचा मोठा वाटा येतो, त्यात कॅरिअर आणि बॅगा आल्या की आणखी. २० किंवा २४ स्पोकांचं चाक अशा कामासाठी नसतंच. तिथे सगळे स्पोक बदलूनही तुमची मागणी आणि चाकाची कुवत जुळत नाही. ३२ वरून ३६ वर जाणं हा भार वाहणाऱ्यासाठी चांगला बदल आहे. दोघांनी चालवायच्या टँडेम सायकलींना ४० किंवा ४८ स्पोकही असतात. ३६ मधला एक तुटला तर चाक थोडं डुलतं आणि घरी पोचता येतं. २० मधला तुटला की रिम फ्रेमला किंवा ब्रेकला घासते आणि तिथेच थांबावं लागतं. त्या चाकांचे स्पोक अनेकदा खास बनावटीचे असतात, वाटेत कुठेही मिळत नाहीत.

जुना, आट्यांवर बसणारा फ्रीव्हील असलेला हब आणि त्यात वरचेवर वाकणारा ॲक्सल, ही जोडी असेल तरही पैसे नव्या चाकावरच घाला. फ्रीहबच्या रचनेत, म्हणजे फक्त पुढे फिरवणारी यंत्रणा हबमध्येच असते तिथे, उजवं बेअरिंग बाहेरच्या टोकाकडे असतं, त्यामुळे ॲक्सलला जास्त आधार मिळतो.

निवड करताना

रोजची ये-जा, ३२ किंवा ३६ स्पोक, चाक दोन-तीन वर्षांचं, कोपरात दोन-तीन तुटलेले आणि रिम सपाट: सगळे स्पोक नवे, डबल बटेड, हाताने बांधून. या वर्गात सर्वाधिक लोक येतात आणि मी त्यांना हेच सांगेन. सायकल नवी आणि पहिल्याच काही महिन्यांत एक तुटला: एक स्पोक आणि पूर्ण ताण. भरपूर सामान घेऊन लांब जायचंय आणि मागचं चाक कमी स्पोकांचं आहे: नवं ३६ स्पोकांचं, हाताने बांधलेलं. शर्यतीचं हलकं चाक असेल तर कंपनीचेच स्पोक मागवा आणि एक उरलेला जपून ठेवा.

निर्णय होईपर्यंत सायकल चालवायचीच असेल तर तुटलेला स्पोक काढून टाका किंवा शेजारच्या स्पोकभोवती गुंडाळा. मग त्याच्या दोन्ही बाजूंचे, समोरच्या फ्लँजकडून येणारे स्पोक अर्धा फेरा सैल करा म्हणजे रिम बरीचशी मध्यावर येईल. रिम ब्रेक घासत असेल तर तो सैल करा, आणि मग ब्रेक कमी लागणार हे धरूनच वेग ठेवा. बदलीचे स्पोक घेताना लांबी कोपराच्या आतल्या बाजूपासून आट्यांच्या टोकापर्यंत मोजा. उजवीकडचे स्पोक डावीकडच्यांहून दोन-एक मिलिमीटर आखूड असू शकतात, म्हणून दोन्ही बाजूंची मापं वेगवेगळी लिहून न्या.