मोटारहोमसाठी जादा डिझेल फिल्टर किट: घ्या, पण एलिमेंट बघून

नागपुरात वाडीकडच्या ट्रक-पार्टच्या दुकानांत मिळणारं वॉटर सेपरेटर (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा जादा फिल्टर) किट मोटारहोमवर, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीवर, घरी बसवता येतं, आणि बसवावंच. उभ्या गाडीच्या अर्धवट टाकीत पावसाळ्यात पाणी साचतं. कॉमन रेल (खूप दाबाने डिझेल पुरवणाऱ्या) इंजिनाचा पंप आणि इंजेक्टर त्याने खराब होतात.

एलिमेंट, म्हणजे आतली गाळणी, 30 मायक्रॉनचाच मागा; आकडा जितका लहान तितकी गाळणी बारीक. 2 मायक्रॉनचा टाकी आणि पंपाच्या मध्ये बसवला तर लवकर चोंदतो, डिझेल कमी पडतं आणि समृद्धीवर चढाला गाडी दम सोडते. बारीक गाळायला कंपनीचा मूळ फिल्टर आहेच, तो काढू नका.

किटमधली पातळ नळी वापरूच नका. डिझेलची रबरी नळी मूळ लाइनच्या मापाची घ्या. आट्यांना टेफ्लॉन टेप नको, तिचे धागे सुटून पंपाकडे जातात; डिझेलला चालणारा लिक्विड सीलंट लावा. टाकी आणि पंपाच्या मधल्या या लाइनीत पंप डिझेल ओढून घेतो, म्हणून सांधा सैल राहिला तर डिझेल गळतंच असं नाही, हवा आत ओढली जाते आणि सकाळी स्टार्टर नुसता फिरत राहतो. पारदर्शक नळीचा तुकडा तात्पुरता जोडा, बुडबुडे लगेच दिसतात. शेवटी हँड प्रायमर (लाइनीतली हवा काढायचा हातपंप) कडक होईस्तोवर दाबा.

सेपरेटरची खालची, पाणी साठणारी वाटी सायलेन्सरपासून लांब हवी. टाकीतच इलेक्ट्रिक पंप असेल तर वाटी त्याचा दाब सोसणारी आहे का, हे विकत घेण्याआधीच विचारा.