सोलापूरच्या उन्हात जास्वंद : गावठी घ्यावी की हायब्रीड?

हा प्रश्न नर्सरीत उभं राहून सोडवायला गेलात तर हायब्रीडच घरी येणार. तळहाताएवढं फूल, हळदी पिवळा रंग, मधे गडद लाल डोळा. शेजारची गावठी तिच्यापुढे गरीब पाहुण्यासारखी दिसते. मीही पाच वर्षांपूर्वी अडीचशे रुपये मोजून पिवळी हायब्रीड आणली. गावठीची फांदी मात्र शेजारच्या काकूंनी पावसाळ्यात फुकट दिली होती. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, खालची पानं काढून ओल्या मातीत खोचलेली. दोन्ही कुंड्या गच्चीवर एकाच कठड्याला होत्या, म्हणून थोडं बोलायचा अधिकार आहे असं मानतो.

दिसण्यात हायब्रीडच पुढे, त्यात वाद नाही. गावठीचं फूल संध्याकाळी मिटून जातं, हायब्रीडचं थंडीत दुसऱ्या दिवशीही ताजं राहायचं. आईचं मत वेगळं. देवघरातला गणपती चार बोटांचा, त्याच्यावर हे फूल ठेवलं की गणपती दिसेनासाच होतो, असं ती म्हणायची. पूजेला लाल पाच पाकळ्यांचंच हवं.

पिठ्या ढेकूण दोघींनाही सारखाच लागतो, त्यात डावं-उजवं नाही. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की समजायचं, शेंड्याला पांढरा कापूस आलाय. पाण्याची जोरदार धार आणि दोन-तीन दिवसांनी निमतेल, लिटरला पाच मिली, साबणाचे चार थेंब घालून. शेंगदाण्याची पेंड आपल्याकडे सहज मिळते म्हणून लोक खत म्हणून ओंजळीने घालतात. तिनेही मुंग्या येतात. भिजवून, पातळ करून घाला.

माझं मन फिरलं ते कळ्यांमुळे.

हायब्रीडला कळ्या भरपूर यायच्या. अंगठ्याएवढी कळी, टोकाला पिवळा रंग डोकावतोय, उद्या नक्की फुलणार असं म्हणून झोपायचं. सकाळी तीच कळी फरशीवर. देठ पिवळा पडून सांध्यातून अलगद सुटलेली. उकलून पाहिली, आत कीड नाही, काही नाही. चैत्र-वैशाखात हे रोजचं झालं. एका आठवड्यात अकरा कळ्या वेचल्या आणि फूल एक पाहिलं. मोजायची सवय वाईट, पण लागली.

कारण कळायला वेळ लागला. पारा ४२-४३ वर गेला की गच्चीवरची कुंडी दुपारपर्यंत कोरडी होते. मग आपण संध्याकाळी भसाभस पाणी ओततो. मुळांना हा झटका बसला की झाड आधी कळ्या टाकतं. त्यात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, म्हणजे झाडांच्या वाट्याला बोअरचं. त्यातल्या चुन्याने कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो आणि झाडाला मातीतलं लोह घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, हे त्याचंच लक्षण. मी चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येणारं लोह, फवारलं, एसीचं पाणी बादलीत साठवून घातलं. त्या पाण्याचा गुण आला, हे कबूल. (आरओतून वाया जाणारं पाणी मात्र घालू नका, त्यात क्षार आणखी जास्त.) सावलीची हिरवी जाळी आणेपर्यंत कठड्यावर जुनी सोलापुरी चादरही बांधून झाली.

गावठी त्याच उन्हात, त्याच पाण्यावर होती. तिच्याही कळ्या गळाल्या, पण दहात दोन-तीन. आम्ही लग्नासाठी चार दिवस पुण्याला गेलो तेव्हा तिने माना टाकल्या, पाणी मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी सावरली. हायब्रीडला त्यातून सावरायला महिना लागला.

तरी सगळ्यांनी गावठीच लावावी असं मी म्हणणार नाही. पूर्वेचं कोवळं ऊन, दुपारनंतर सावली आणि मे महिन्यात दोन्ही वेळ थोडं-थोडं पाणी घालणारं माणूस घरात असेल, तर हायब्रीड जरूर घ्या. कुंडी मोठी घ्या, नुसती काळी माती भरू नका, पावसात ती चिकट होऊन मुळं कुजतात. एक भाग माती, एक भाग वाळू, एक भाग शेणखत मला बरं वाटलं. छाटणी पहिल्या पावसानंतर, न भिता एक तृतीयांश. फूल नव्या फुटीवरच येतं.

माझी हायब्रीड कलमी होती, खालचं खोड गावठी. सांध्याच्या खालून फूट आली की कापायची, असं नर्सरीवाल्याने बजावलं होतं आणि दोन वर्षं मी इमानदारीने कापली. गेल्या उन्हाळ्यात वरचा भाग सुकत चालला होता, तेव्हा एक फूट तशीच सोडली. आता त्या कुंडीत लाल फुलं येतात. नर्सरीची ‘पिवळी मोठी’ लिहिलेली चिठ्ठी अजून खोडाला आहे, आईने ती काढू दिली नाही.