डिजिटल सातबाऱ्याच्या पीडीएफवर टोकन देऊ नका

शिरूरकडे जमीन बघत होतो. एजंटने व्हॉट्सॲपवर सातबारा पाठवला, मालकाचं नाव बरोबर, क्षेत्र बरोबर, 'इतर अधिकार' रकान्यात (कर्जाचा बोजा, दुसऱ्यांचे हक्क इथे लिहितात) काहीच नाही, आणि खाली नेहमीची ओळ की डिजिटल स्वाक्षरीत असल्यामुळे सही शिक्क्याची आवश्यकता नाही. दीड लाख टोकन दिलं, दुसरी पार्टी येतेय म्हणून घाई लावली होती त्याने.

पुढे वकिलांनी त्याच गटाचा सातबारा महाभूमीच्या (सरकारी जमीन नोंदींच्या) साइटवरून 15 रुपये भरून नवीन काढला तर त्यात विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा आणि मालकाच्या बहिणीचा हक्क. दोन्ही ओळी आमच्या पीडीएफमधून गायब! पण त्या नोंदींचे फेरफार नंबर (हक्कातला प्रत्येक बदल ज्या नंबराने नोंदवतात तो) खाली जुन्या फेरफारांच्या यादीत तसेच होते, ते पुसायचं राहिलं बहुतेक. आमच्या पीडीएफवरचा पडताळणी क्रमांकही खराच होता हो, साइटवर टाकला की बोज्यासकट ओरिजिनल उतारा उघडतो.

वकिलांनी सांगितलं ते असं की डिजिटल सही फाइलच्या डेटावर केलेली असते, डेटात एक अक्षर बदललं तरी पडताळणीत सही जुळत नाही. पण कागदावर छापलेली "डिजिटल स्वाक्षरीत" ही ओळ म्हणजे नुसती अक्षरं, कुठल्याही एडिटरमध्ये राहतात तशीच. प्रिंट काढली, स्कॅन केलं, झेरॉक्स मारली की सही संपली, उरतं ते चित्र. 2000 च्या आयटी कायद्याने मान्यता दिलीय ती सर्टिफिकेटवाल्या सहीला, सही तपासली असं दाखवणाऱ्या हिरव्या टिकच्या फोटोला नाही. उलट गंमत बघा, खरं ई-आधार ॲडोबमध्ये उघडलं तर आधी "व्हॅलिडिटी अननोन" आणि प्रश्नचिन्ह येतं, सर्टिफिकेट ट्रस्टेड केलं की मगच टिक येते, आणि बनावटवाल्यांची टिक मात्र मोबाइलवर पण पहिल्या सेकंदाला हिरवीगार.

तर समोरच्याने दिलेला उतारा फक्त गट नंबर बघायला वापरा, खरा उतारा स्वतः काढा. फुकटचा विनास्वाक्षरीत सातबारा पण फक्त माहितीसाठी असतो.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केलीय. एजंट म्हणतो फाइल मालकाने दिली, मालक म्हणतो मी काही पाठवलंच नाही. पोलिसांनी प्रिंट बाजूला ठेवून व्हॉट्सॲपवर आलेली मूळ फाइल मागितली, नशीब चॅट डिलीट केलं नव्हतं.