पॉडमन आणि क्वाडलेट: अकरा महिने वापरल्यानंतर

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचं छोटं वेब अ‍ॅप मी सांभाळतो. सभासद, वर्गणी, पुस्तकांची देवघेव, एवढाच पसारा. जँगोत (पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये) लिहिलंय, गनिकॉर्न या वेब सर्व्हरवर चालतं, मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस. सर्व्हर भाड्याचा, दोन जीबी रॅमचा, त्यावर उबुंटू 24.04. आधी सगळं डॉकर कंपोजवर होतं, म्हणजे कंटेनरमध्ये (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेल्या डब्यांत), आणि खरं सांगायचं तर नीट चालत होतं. पण नोकरीत दिवसभर माझी गाठ सिस्टिमडीशी, म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस सांभाळणाऱ्या प्रोग्रामशी. या एका सर्व्हरवर तेवढ्या वेगळ्या कमांड आणि वेगळे लॉग कशाला? कंटेनरही बाकीच्या सर्व्हिससारखाच सिस्टिमसीटीएलने (सिस्टिमडीच्या कमांडने) चालू-बंद व्हावा, एवढीच हौस होती. म्हणून डॉकरसारखेच कंटेनर चालवणारं पॉडमन घेतलं, आणि त्या कंटेनरच्या सिस्टिमडी सर्व्हिस बनवणारं क्वाडलेट.

क्वाडलेट 2023 मध्ये, पॉडमन 4.4 पासून, पॉडमनसोबतच यायला लागलं. ठराविक फोल्डरमध्ये दहा-बारा ओळींची फाइल ठेवायची: इमेज कुठली, पोर्ट कुठला, डेटा कुठे. मग डेमन-रीलोड केलं, म्हणजे सिस्टिमडीला फाइली पुन्हा वाचायला लावल्या, की त्यातून सर्व्हिस तयार. डेबियन 12 वाल्यांनी मात्र घाई करू नये, तिथल्या रेपोत (पॅकेजच्या साठ्यात) पॉडमन 4.3 आहे. मी तिथेच एक अख्खी संध्याकाळ घालवली आणि मग उबुंटूवर आलो.

पहिल्याच आठवड्यात फजिती झाली. वाचनालयातल्या काकांचा फोन, "अरे, उघडतच नाहीये." मी सर्व्हरवर लॉगिन केलं, साइट उघडली, झकास चालू. "काका, एकदा रिफ्रेश करा." झालं काम. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या फोनला ट्यूब पेटली. कंटेनर रूटऐवजी माझ्या साध्या युजरखाली चालत होते. मी लॉगआउट झालो की सिस्टिमडी त्या युजरच्या सर्व्हिस आवरून घ्यायचं, आणि मी तपासायला लॉगिन केलं की पुन्हा सुरू करायचं. म्हणजे मी बघेन तेव्हा चालू, बाकी जगाला बंद! लॉगिनसीटीएलला एनेबल-लिंगर (लॉगआउटनंतरही सर्व्हिस चालू ठेव) सांगितलं आणि प्रश्न मिटला. डॉक्युमेंटेशनमध्ये हे आहे, मीच वाचलं नव्हतं.

दुसरा धडा जास्त मोलाचा. पावसाळ्यात एका रात्री सर्व्हर रीबूट झाला. सकाळी पाहतो तर पोस्टग्रेस चालू आणि अ‍ॅप मेलेलं. फाइलमध्ये 'रीस्टार्ट=ऑलवेज' लिहिलेलं असूनही! लॉग उघडला. अ‍ॅप सुरू होताना आधी मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतले बदल) चालवतं. डेटाबेस अजून कनेक्शन घेत नव्हता, त्यामुळे मायग्रेशन फेल, कंटेनर बंद. सिस्टिमडीने लगेच पुन्हा उठवला, पुन्हा तेच. दहा सेकंदांत पाच वेळा आपटल्यावर सिस्टिमडीने हात वर केले: 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली'. दहा सेकंदांत पाच प्रयत्न ही त्याची ठरलेली मर्यादा, आणि 'ऑलवेज' तिच्यापुढे चालत नाही. 'आफ्टर' लिहून डेटाबेस आधी सुरू होतो खरा, पण सुरू होणं आणि तयार होणं यात काही सेकंद जातात. 'रीस्टार्टसेक=5' टाकलं, म्हणजे पाच सेकंद थांबून मगच पुन्हा सुरू कर. आता दोन प्रयत्नांमध्ये श्वास घ्यायला वेळ मिळतो, मर्यादा ओलांडलीच जात नाही, आणि डेटाबेस उठला की पुढच्या फेरीत अ‍ॅप उभं राहतं. त्यानंतर चार रीबूट झाले, काकांचा फोन नाही.

अजून एक गोष्ट महिनोन्‌महिने नजरेआड केली होती. सर्व्हिस थांबवायला सांगितली की बरोबर दहा सेकंद लागायचे आणि लॉगमध्ये सिगकिलची (जबरदस्तीने मारल्याची) तक्रार. कारण साधं. सुरुवातीची शेल स्क्रिप्ट पीआयडी 1, म्हणजे कंटेनरमधली पहिली प्रोसेस, होऊन बसली होती, आणि 'थांब' हा सिग्नल ती गनिकॉर्नपर्यंत पोचवतच नव्हती. दहा सेकंद वाट पाहून पॉडमन सरळ मारून टाकायचं. तेवढ्यात कोणी पुस्तक परत नोंदवत असेल तर ती नोंद अर्धवट. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत गनिकॉर्नच्या आधी 'एक्झेक' हा एक शब्द घातला, म्हणजे स्क्रिप्टची जागा गनिकॉर्नच घेतं आणि सिग्नल थेट त्याला मिळतो, आणि आता सेकंदभरात शहाण्यासारखं बंद होतं.

लॉगबाबत मी खूश आहे. जर्नलसीटीएलमध्ये (सिस्टिमडीचे लॉग दाखवणाऱ्या कमांडमध्ये) सगळं एकत्र दिसतं, आणि जर्नल स्वतःच्या आकाराला आवर घालतं. इमेज आपोआप अपडेट करायची सोय फक्त अ‍ॅपला लावली आहे. पोस्टग्रेसला नाही, कारण आवृत्ती 15 चा डेटा आवृत्ती 16 उघडत नाही आणि मला मध्यरात्री ते शिकायचं नाही.

राग एकाच गोष्टीचा. फाइलमध्ये एखादं नाव चुकलं की डेमन-रीलोड चकार शब्द काढत नाही, आणि सर्व्हिस सुरू करायला जावं तर म्हणतं, अशी सर्व्हिसच नाही. कुठली ओळ चुकली हे बघायला पॉडमनचा जनरेटर (फाइलमधून सर्व्हिस बनवणारा प्रोग्राम) ड्रायरन लावून, म्हणजे प्रत्यक्ष काही न बनवता, हाताने चालवावा लागतो. ती लांबलचक कमांड मी मॉनिटरच्या कडेला चिकटवून ठेवली आहे.