गुरुत्वीय लहरींची फुकट ओपन डेटा वर्कशॉप: तीन पोरं, दोन लॅपटॉप आणि खरा डेटा

मी मराठवाड्यातल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. औंढा नागनाथला लायगो होणार, म्हणजे अवकाशातून येणारी सूक्ष्म थरथर, गुरुत्वीय लहरी, पकडणारी वेधशाळा, हे इथल्या पोरांना पेपरातून माहितीय, त्यामुळे दरवर्षी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचं कोणीतरी विचारतंच, "मॅडम, तिथं नोकरी लागायला काय करावं लागतं?" इतकी वर्षं मी "आधी एमएस्सी कर, मग पीएचडीचं बघ" एवढंच सांगायचे, कारण त्यापुढचं मलाच नीट माहीत नव्हतं. मागच्या वर्षी आमच्या एका विद्यार्थिनीने कुठल्यातरी ऑनलाईन क्लासला साडेतीन हजार भरले, सहा रेकॉर्डेड लेक्चर आणि एक रंगीत सर्टिफिकेट मिळालं, खरा डेटा एकदाही उघडला नाही. शेतकऱ्याच्या घरातली पोरगी, मला रात्रभर ते टोचत राहिलं. मग मीच शोधायला बसले आणि ही वर्कशॉप सापडली, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

अमेरिकेतली लायगो, इटलीतली व्हर्गो आणि जपानची काग्रा, या वेधशाळांचा डेटा जिथे सगळ्या जगासाठी खुला ठेवतात ते ग्रॅव्हिटेशनल वेव्ह ओपन सायन्स सेंटर. त्यांचीच ही ओपन डेटा वर्कशॉप, २०१८ पासून चालू आहे. फी शून्य. लेक्चर ऑनलाईन बघता येतात आणि सरावाची नोटबुकं, म्हणजे सेल नावाच्या तुकड्यांत कोड चालवता येणारी पानं, गिटहब या कोड ठेवायच्या साईटवर वर्षभर उघडी असतात, ती गूगल कोलॅबमध्ये थेट गूगलच्याच सर्व्हरवर चालतात, म्हणजे लॅपटॉप जुना असला तरी अडत नाही. आमच्याकडे दोनच लॅपटॉप होते, तीन पोरं आणि मी, नेट माझ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर.

पहिल्याच दिवशी पोरांच्या हातात १४ सप्टेंबर २०१५ चा डेटा येतो, माणसाने पहिल्यांदा पकडलेल्या गुरुत्वीय लहरीचा, आपल्याकडे तेव्हा दुपारचे ३ वाजून २० मिनिटं झाली होती. ३२ सेकंदांची फाईल, सेकंदाला ४०९६ नोंदी, म्हणजे १,३१,०७२ आकडे. प्लॉट काढला तर नुसती हेलकावणारी रेघ, लहर वगैरे काहीच नाही. पोरं हिरमुसली. मग पुढच्या सेलमध्ये त्याच डेटाचा स्पेक्ट्रम काढला, कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती गोंगाट आहे ते दाखवणारा, त्यात मध्येच सुळक्यासारख्या उभ्या रेघा होत्या. एक पोरगा स्क्रीनला नाक लावून म्हणाला, "मॅडम, ही बरोब्बर ६० वर कशी काय?" मी म्हटलं, तूच सांग. दोन मिनिटं गप्प बसला आणि मग ओरडलाच, "अमेरिकेची लाईट! आपल्याकडं ५० असती!" खरंच तसंच आहे, तिकडची वीज ६० हर्ट्झची, ती मशीनमध्ये उतरते, आणि औंढ्याच्या डेटात हीच रेघ ५० वर दिसायची शक्यता. ५०० हर्ट्झच्या आसपासच्या रेघा कसल्या, तर ४० किलोचे आरसे ज्या बारीक काचेच्या तंतूंवर टांगलेत ते तंतू सतारीच्या तारेसारखे वाजतात त्याच्या. पंधरा वर्षं फुरिए ट्रान्सफॉर्म, म्हणजे फ्रिक्वेन्सी वेगळ्या करायचं हेच गणित, फळ्यावर शिकवतेय मी, पण तो असा वर्गात जिवंत झालेला पहिल्यांदा बघितला.

हा गोंगाट चाळून काढला, ज्याला तिकडे व्हाईटनिंग म्हणतात, की ०.२ सेकंदाची ती लहर समोर येते, ३५ हर्ट्झपासून २५० पर्यंत सर्रकन चढत जाणारी. कोणी काही बोललंच नाही थोडा वेळ. सूर्याच्या साधारण ३६ पट आणि २९ पट वजनाची दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली, तीन सूर्यांइतकं वस्तुमान लहरींच्या रूपात निघून गेलं, आणि सव्वाशे कोटींहून जास्त वर्षं प्रवास करून ते आमच्या लॅबच्या स्क्रीनवर पिवळ्या रेघेत दिसत होतं. पुढचा भाग तर पोरांनी स्वतःच केला, अमेरिकेत लायगोच्या दोन वेधशाळा आहेत, लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड, त्यातल्या लिव्हिंग्स्टनचा प्लॉट ७ मिलिसेकंद सरकवला, उलटा केला आणि हॅनफर्डच्या प्लॉटवर ठेवला, दोन्ही जवळजवळ एकावर एक बसले. दोन ठिकाणांमध्ये सरळ रेषेत ३००० किलोमीटर, प्रकाशाला १० मिलिसेकंद लागतात आणि ही लहरही प्रकाशाच्याच वेगाने जाते, म्हणून ७ चालतं, १५ चाललं नसतं, हे त्यांनी आपापसात भांडून ठरवलं.

दुसऱ्या भागात मॅच्ड फिल्टरिंग आहे. म्हणजे लहर कशी असेल त्याचा नमुना आधी गणिताने बनवायचा आणि तो डेटावरून सरकवत न्यायचा, जिथे जुळला तिथे आलेख टोक काढतो. वरातीत डीजे दणदणत असतानाही आपल्या माणसाने मारलेली हाक आपल्याला कळते ना, कारण तो आवाज आधीपासून डोक्यात असतो, तसंच. इथे मला पोरांना अभिमानाने सांगता आलं की या पद्धतीवर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९९० च्या आसपासपासून पायाभूत काम केलंय, लहर सापडायच्या पंचवीस वर्षं आधी, जेव्हा या विषयात फारसं कोणी पडत नव्हतं.

तिसरा भाग, लहरीवरून कृष्णविवरांची वजनं काढायची तो, खरंच जड आहे. बायेशियन स्टॅटिस्टिक्स, म्हणजे पुराव्यावरून शक्यता मोजायचं गणित, लागतं आणि कोड चालायलाही वेळ लागतो, आमची मध्येच लाईट गेली आणि हॉटस्पॉट संपला तेव्हा पहिल्यापासून करावं लागलं, त्यामुळे हा भाग सलग दोन तास हातात असतील तेव्हाच उघडा. आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आधी यायलाच पाहिजे, निदान ॲरे, लूप आणि प्लॉट काढणं, नाहीतर सेल रन करत जाल आणि हाती काही लागणार नाही. आम्ही आधी तीन आठवडे फक्त पायथन केलं, ते फार उपयोगी पडलं. इंग्रजीची भीती असेल त्यांनी नोटबुक आधी मित्राबरोबर मराठीत बोलून समजून घ्यावं, आम्ही तसंच केलं.

ज्यांना कोडिंग अजिबात येत नाही त्यांच्यासाठी झूनिव्हर्स या लोकांनी शास्त्रज्ञांना मदत करायच्या साईटवरचं ग्रॅव्हिटी स्पाय सांगेन. डिटेक्टरमध्ये उगाच येणारे खोटे आवाज चित्रावरून ओळखून वेगळे करायचे, ब्लिप, कोई फिश, व्हिसल अशी त्यांना नावं आहेत. आमच्या फर्स्ट इयरच्या मुली मोबाईलवर करतात, आणि ते खेळ म्हणून नाही, शास्त्रज्ञ ती वर्गवारी खरंच वापरतात. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे आदळले तेव्हा लिव्हिंग्स्टनच्या डेटात ऐन वेळी असाच एक खोटा आवाज, म्हणजे ग्लिच, घुसला होता, तो आधी बाजूला काढावा लागला.

आता करिअरचं. या वर्कशॉपने नोकरी लागत नाही, तसा दावाही ते करत नाहीत. पण कोणाचा हात कशात बसतो ते कळतं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी कमाई तीच. ज्याला ६० हर्ट्झ दिसलं तो पोरगा आता इलेक्ट्रॉनिक्स आणि कंट्रोलकडे वळायचं म्हणतोय, जिने मॅच्ड फिल्टर स्वतः लिहिला ती आयुकाच्या उन्हाळी प्रोग्रॅमची तयारी करतेय. बंगळुरूच्या आयसीटीएस या संशोधन संस्थेत याच विषयाचं समर स्कूल भरतं, अमेरिकेतल्या कॅल्टेक विद्यापीठाच्या लायगो सर्फ या उन्हाळी कार्यक्रमात दहा आठवड्यांच्या कामासाठी भारतातली मुलं जातात. आणि पालकांनो, हे फक्त पीएचडीवाल्यांचं क्षेत्र नाही हो! लायगो-इंडियाला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये साधारण २६०० कोटी मंजूर केले, ४ किलोमीटरच्या दोन भुजा, आत अतिशय उच्च दर्जाची निर्वात पोकळी, लेसर, काँक्रीट, कॉम्प्युटर. आयुकाबरोबर इंदूरची लेसरवर काम करणारी आरआरकॅट, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधनाची आयपीआर आणि मुंबईची डीसीएसईएम, म्हणजे अणुऊर्जा विभागाची बांधकाम शाखा, यात आहेत, म्हणजे वेल्डिंगपासून सॉफ्टवेअरपर्यंत माणसं लागणार.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कमी केला तो तिसऱ्या भागासाठी, नवख्या पोराला तिथे जवळ बसून समजावणारं कोणी हवंच. यंदा आठ पोरांनी नावं दिलीत, दिवाळीनंतर शनिवारी दुपारी दोनला लॅबमध्ये बसतोय, पहिले तीन शनिवार पायथन. साडेतीन हजार भरलेली ती विद्यार्थिनीच या वेळी पायथन शिकवणार आहे.